घरच्या घरी : चितारी पेला आणि मिशांची गाडी

मैत्रिणींनो, 'यंत्रमानव' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पत्र्याचं डोकं, दिव्यांचे डोळे आणि खडखडत चालणारा एखादा उंचापुरा बाप्या! साहजिकच आपण म्हणतो, "छे बाई, ती इंजिनीअर लोकांची कामं. आपण आपला चकलीचा सोऱ्या सांभाळावा." आणि मग शाळेच्या वहीत 'रोबो करून आणणे' अशी सूचना आली की सरळ दुकान गाठतो. तयार संच येतो, तो वडील रात्री जागून जोडतात, शाळेत गुण मिळतात आणि रोबो माळ्यावर जातो. मूल मात्र होतं तिथंच राहतं.

म्हणून आज दोन वस्तू सांगणार आहे. एक दुपारच्या दोन तासांत होणारी आणि दुसरी दोन-तीन दिवस पुरणारी. दोन्हींना लागणारं बरंचसं सामान तुमच्या घरातल्या मोडक्या खेळण्यांच्या खोक्यातच निघेल.

पण त्याआधी या शब्दाची गंमत ऐका. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' नावाचं नाटक १९२० साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावं असा प्रश्न पडला, तेव्हा त्याच्या चित्रकार भावानं, योसेफनं, 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. पगार न मागता, कुरकुर न करता राबतो तो रोबो! (हे वाचून तुमच्यापैकी कुणाला स्वतःचीच आठवण झाली, तर त्यात माझा दोष नाही.)

तर रोबो माणसासारखा दिसलाच पाहिजे असं मुळीच नाही. आजूबाजूचं काहीतरी जाणणं, त्यावरून काय करायचं ते ठरवणं आणि त्याप्रमाणे हालचाल करणं, या तीन गोष्टी ज्या यंत्राला आपल्या आपण जमतात त्याला रोबो म्हणायचं. आपली इस्त्रीच घ्या ना. पुरेशी तापली की आतली दोन धातूंची पट्टी वाकते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. म्हणजे जाणणं आणि ठरवणं तिला येतं, फक्त चाकं नाहीत!

चाकं लावून दाखवली ती ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरी १९४८-४९ च्या सुमारास त्यानं एल्मर आणि एल्सी अशी दोन यंत्रकासवं बनवली. प्रत्येकाला तीन चाकं, उजेड ओळखणारा एक डोळा, धक्का लागला की कळणारं कवच आणि मेंदू म्हणून जुन्या रेडिओत असत तसल्या फक्त दोन व्हॉल्व्ह. एवढ्याशा भांडवलावर ही कासवं उजेडाच्या रोखानं जात, अडखळली की वळून वाट काढत आणि शक्ती कमी पडू लागली की आपल्या खुराड्यातल्या दिव्याकडे परतत. तेव्हा सामान थोडं आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

आधी चार पथ्यं

स्वयंपाकाआधी हात धुतो, तशी ही पथ्यं. त्यांत सूट नाही.

पहिलं : भिंतीतल्या वीजेला हात लावायचा नाही. ती २३० व्होल्टची, आपला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. आपली दोन्ही कामं सेलवरच होतात. मोबाइलचा चार्जर कापून त्याच्या वायरी वापरण्याची कल्पना मुलं हमखास काढतात, ती तिथंच मोडून काढा.

दुसरं : मोबाइलमधून काढलेली जुनी बॅटरी या कामाला वापरू नका. ती टोचली, चेपली किंवा तिच्या दोन टोकांची गाठ पडली तर पेट घेऊ शकते. फुगलेली असेल तर घरातही ठेवू नका.

तिसरं : बटणासारखे चपटे सेल तान्ह्या-रांगत्या बाळांपासून दूर, कुलपात ठेवा. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, तडक रुग्णालयात जा.

चौथं : सेलच्या दोन्ही टोकांच्या वायरी मध्ये काही न जोडता एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. तसं झालं की सेल तापतो. हाताला गरम लागला तर लगेच काढून ठेवा.

चितारी पेला

साहित्य : एक कागदी किंवा प्लॅस्टिकचा पेला, तीन स्केचपेनं, मोडक्या खेळण्यातल्या गाडीतली छोटी मोटर, दोन पेन्सिल सेल आणि ते बसवायची खोळ, एक खोडरबर, चिकटपट्टी, जुना मोठा कागद.

कृती : पेला उपडा ठेवा. त्याच्या बाहेरच्या अंगाला तीन स्केचपेनं सारख्या अंतरावर तिवईच्या पायांसारखी चिकटवा. टोकं खाली आणि पेल्याच्या काठापेक्षा बोटभर लांब हवीत. पेल्याच्या वर आलेल्या बुडावर मोटर आडवी चिकटवा, तिचा फिरणारा दांडा कडेच्या बाहेर डोकावू द्या. खोडरबराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा आणि दांड्यावर खोचा. तो मधोमध खोचायचा नाही, एका टोकाला खोचायचा. सगळी जादू इथेच आहे! सेलची खोळ मोटरीशेजारी चिकटवा. मोटरीला दोन कान असतात, खोळीच्या दोन वायरींची सोललेली टोकं त्या कानांच्या भोकांतून ओवून पीळ द्या आणि वर चिकटपट्टी लावा. वायर सोलण्याचं आणि रबर कापण्याचं काम मोठ्यांनी करावं. पेनांची टोपणं काढा, पेला कागदावर ठेवा आणि सेल घाला.

पेला थरथरत, गिरक्या घेत नाचू लागेल आणि पायांखाली तीन रंगांची वेटोळी उमटू लागतील. मुलं टाळ्या पिटतील, पण तुम्ही लगेच पुढचं काम सांगू नका. "हा नाचतो कशानं?" एवढंच विचारा. उत्तर आपल्या मोरीत आहे. धुण्याच्या यंत्रात पिळायच्या वेळी कपडे एका बाजूला गोळा झाले की यंत्र धडधडत सरकायला लागतं ना, तेच हे. फिरणारं वजन एका अंगाला कललेलं असलं की सगळं हादरतं. अनेक मोबाइलची थरथरही अशाच कललेल्या वजनाच्या इवल्या मोटरीनं होते.

आता मुलांना एकेक बदल करू द्या. रबराचा तुकडा लांब घेतला तर? मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली तर? एक पेन जरा वर सरकवलं तर? प्रत्येक बदलानंतर नवा कागद घ्या आणि त्यावर काय बदललं ते लिहून ठेवा. या पेल्याला अजून जाणणं-ठरवणं येत नाही, म्हणून हा पुरता रोबो नव्हे. पण भीती मोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

मिशांची गाडी

झुरळाला अंधारात वाट कशी सापडते? मिशांनी. ही गाडीही तशीच, एका बाजूची मिशी कशाला लागली की दुसऱ्या बाजूला वळणारी.

साहित्य : पिवळ्या डबीसारख्या दिसणाऱ्या, आत दाते असलेल्या दोन गिअर मोटरी आणि त्यांची चाकं, पत्ती असलेले दोन मायक्रोस्विच, दोन-दोन पेन्सिल सेलच्या दोन खोळी, एक छोटं चालू-बंद बटण, जाड प्लॅस्टिकच्या डब्याचं सपाट झाकण, बाटलीचं गुळगुळीत बूच, खराट्याचे दोन हीर, वायर, चिकटपट्टी. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड या सामानासाठी प्रसिद्ध आहेत. लहान गावात टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, तो तरी देईल किंवा मागवून देईल.

सांगाडा : झाकणाच्या पुढच्या भागात, खालच्या बाजूला डावी-उजवीकडे मोटरी घट्ट बसवा. मागे मधोमध बूच उपडं चिकटवा, म्हणजे ते फरशीवरून घसरेल आणि तिसऱ्या चाकाचं काम करील. वरच्या बाजूला, अगदी पुढे, दोन कोपऱ्यांत स्विच लावा आणि त्यांच्या पत्त्यांना हीर बांधा. हीर मागे ढकलला की पत्ती दाबली जाऊन 'टक्' आवाज यायला हवा. आवाज येईपर्यंत पुढे जाऊ नका.

जोडणी : ही सावकाश वाचा, हवं तर कागदावर काढा. मायक्रोस्विचला तीन पाय असतात आणि प्रत्येकाजवळ इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. 'सी' किंवा 'कॉम' हा सामायिक पाय. पत्ती मोकळी असताना तो 'एनसी' पायाशी जोडलेला असतो. पत्ती दाबली की ते नातं तोडून 'एनओ'शी जोडतो.

एका खोळीची लाल वायर दुसऱ्या खोळीच्या काळ्या वायरीला जोडा. त्या गाठीतून एक तिसरी वायर काढा, तिला आपण मधली वायर म्हणू. ती चालू-बंद बटणातून नेऊन दोन्ही मोटरींच्या एकेका कानाला जोडा. उरलेली लाल वायर दोन्ही स्विचांच्या 'एनसी'ला आणि उरलेली काळी दोन्हींच्या 'एनओ'ला जोडा. आता राहिले सामायिक पाय. डाव्या स्विचचा सामायिक पाय उजव्या मोटरीच्या उरलेल्या कानाला आणि उजव्याचा डाव्या मोटरीला. होय, उलटसुलट!

बटण दाबा. मिश्या मोकळ्या असताना दोन्ही चाकं पुढे फिरली पाहिजेत. एखादं उलट फिरत असेल तर त्या मोटरीच्या दोन वायरी बदलून लावा. आता डावी मिशी बोटानं दाबा, उजवं चाक उलट फिरेल. डावं चाक पुढे आणि उजवं मागे, म्हणजे गाडी उजवीकडे वळली, अडथळ्यापासून दूर. हे असं का होतं, तेही सोपं आहे. मोटरीतून वीज एका दिशेनं गेली की ती सुलटी फिरते, दुसऱ्या दिशेनं गेली की उलटी. मिशी दाबली की मोटर एका खोळीला सोडून दुसरीला जाऊन मिळते आणि विजेची दिशा पालटते. जाणणं झालं, ठरवणं झालं, हालचालही झाली. आता खुशाल रोबो म्हणा.

एक गोष्ट मुद्दाम होऊ द्या. गाडी भिंतीवर समोरासमोर गेली आणि दोन्ही मिश्या एकदम दाबल्या गेल्या, तर ती सरळ मागे येते, पुन्हा सरळ पुढे जाते आणि पुन्हा तिथंच आपटते. मुलांना विचारा, हिला यातून कसं सोडवायचं? उपाय फुकटचा आहे : एक हीर दुसऱ्यापेक्षा थोडा लांब ठेवायचा, म्हणजे एक मिशी आधी लागते आणि गाडी वळते. पण हे तुम्ही सांगू नका. दोन दिवस लागले तरी लागू देत.

आणखी एक. गाडी बहुतेक वेळ पुढेच जाते, म्हणून एकाच खोळीवर सगळा भार पडतो आणि तिचे सेल आधी उतरतात. अधूनमधून दोन्ही जोड्यांची अदलाबदल करीत जा. जुना आणि नवा सेल मात्र एकाच खोळीत घालू नका.

चालत नाही, आता?

पहिल्या फटक्यात चालली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. खरा अभ्यास इथून सुरू होतो. तयार संचात नेमकी हीच गोष्ट मिळत नाही.

क्रम ठेवा. सेल उलटे तर बसले नाहीत ना? खोळीची स्प्रिंग सेलला टेकते आहे ना? वायरीचं टोक नीट सोललं आहे का, की वरचं प्लॅस्टिकच पिळलं गेलं आहे? मोटर वेगळी काढून थेट सेलला लावली तर फिरते का? फिरली, तर दोष मोटरीत नाही, मधल्या वाटेत आहे. मोटरीचे कान पातळ असतात, ओढाताण केली की मोडतात, तेही पाहा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमटी बिघडली म्हणून चिंच, गूळ, मीठ सगळं एकदम ओतलं, तर ती सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही. इथंही तसंच. हा धडा गाडीपुरता राहत नाही हे वेगळं सांगायला नको.

सोल्डरिंग, म्हणजे तांबट डाख देतो तसा तापल्या धातूनं सांधा पक्का करणं, हे पहिल्या दोन वस्तूंना लागत नाही. पुढे करायचं झालं तर मोठ्यांच्या देखरेखीखाली, खिडकीजवळ बसून करावं. त्या धातूत शिसं असू शकतं, म्हणून नंतर हात साबणानं धुवावेत.

पुढची पायरी

मिशांच्या गाडीवर हात बसला की मुलं 'आर्डुइनो'चं नाव काढतील. दचकू नका. इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली ही एक छोटी पाटी आहे. संगणकावर सूचना लिहायच्या, वायरीनं पाटीत भरायच्या की ती त्यांबरहुकूम चालते. तिला 'अल्ट्रासोनिक' नावाचे डोळे लावता येतात. खरं म्हणजे ते वटवाघळाचे कान! आपल्याला ऐकू न येणारा आवाज ते सोडतात आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. अडथळा ३४ सेंटिमीटरवर असेल तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग लागतो.

फक्त मोटर या पाटीला थेट जोडायची नाही, तेवढी वीज पुरवण्याची तिची ताकद नसते. मध्ये 'मोटर ड्रायव्हर' लागतो. लग्नघरात आत्याबाई सूचना देतात, पण पातेली उचलायला आचाऱ्याची माणसं लागतात. त्यातलाच हा प्रकार.

हात कुणाचे?

आता मनातलं बोलते. शाळेत शिकवताना प्रकल्पाच्या दिवशी मी पाहते, गट मुलामुलींचा मिळून असतो, पण मोटर आणि स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हाती, आणि मुलगी पुठ्ठ्याला रंगीत कागद लावत बसलेली. कुणी तिला 'तू हात लावू नकोस' म्हटलेलं नसतं. तिनं घरी तसंच पाहिलेलं असतं. भाऊ खोलून बघतो, ती बॅटरी धरते. फ्यूज गेला की आई म्हणते, "बाबा येऊ देत." मग दहावीनंतर हीच मुलगी "मला यंत्रातलं कळत नाही" म्हणते, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

घराघरांतून फरशी साफ करीत फिरणारा 'रूम्बा' तुम्ही जाहिरातीत पाहिला असेल. तो २००२ साली बाजारात आला. आपल्या गाडीसारखंच, कशाला धडकलं की वळायचं, ही त्याची सुरुवातीची मुख्य युक्ती. तो काढणारी कंपनी १९९० साली ज्या तिघांनी स्थापन केली, त्यांत हेलन ग्रायनर ही एक स्त्री होती. लहानपणी १९७७ चा 'स्टार वॉर्स' चित्रपट पाहून, त्यातल्या बुटक्या रोबोवर तिचा जीव जडला होता. म्हणजे आवडीला सुरुवात कुठूनही होते, पुढे हातात हत्यार मिळावं लागतं.

महागडं सामान नाही म्हणून अडत असेल, तर आपल्या पुण्याचं उदाहरण पाहा. आयुका या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून मुलांसाठी खेळणी केली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी भूमिती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत विकतचं असं फार थोडं असे.

म्हणून मैत्रिणींनो, असं करा. पहिला चितारी पेला एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, तुम्ही स्वतः करा. मुलांच्या देखत शिकायला आपल्याला संकोच वाटतो, तो निघून जाईल. मग मुलांना बसवा. मुलगा-मुलगी दोघं असतील तर वाटणी अशी : एक दिवस एकानं जोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, दुसऱ्या दिवशी उलट. मूल अडलं तर हात पुढे करू नका. "कुठपर्यंत वीज पोचते?" एवढाच प्रश्न करा आणि खुशाल भाजी निवडत बसा.

आणि बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा काढा. मोडक्या गाडीतली मोटर, बंद पडलेल्या रिमोटची स्प्रिंग, जुन्या रेडिओची बटणं, वायरीचे तुकडे, सगळं त्यात टाकत जा. सेल मात्र त्यात ठेवू नका, पत्र्याला टेकले की तापतात. डब्यात एक लहान स्क्रू ड्रायव्हर ठेवा आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत मालकाचं नाव लिहा. घरात मुलगी असेल तर तिचं. नसेल तर तुमचं स्वतःचं.